कांदोळीचं 'रिव्हर प्रिन्सेस': पुणेकर नेहमी विचारतात ते प्रश्न

पुण्यात किनाऱ्याविषयी बोलायला उभं राहिलं की विषय कासवांचा असो, खारफुटीचा असो की किल्ल्यांचा, शेवटी कोणीतरी हात वर करून विचारतंच, "ते गोव्यातलं गंजकं जहाज आठवतंय का? त्याचं पुढे काय झालं?" तेच तेच विचारलं जातं म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. क्रम विचारणाऱ्यांचाच आहे, त्यामुळे मध्ये जुहू येतं, मिऱ्या येतं आणि खडकवासलाही येतं.

कोणत्या जहाजाबद्दल बोलताय? नेमकं कुठे होतं ते?

जहाजाचं नाव 'रिव्हर प्रिन्सेस'. खनिज वाहणारं, लांबी अडीचशे मीटरच्या आसपास आणि लाखभर टन माल पोटात घेईल एवढं. उत्तर गोव्यात आग्वादच्या किल्ल्याला लागून शिकेरीचा किनारा आहे आणि त्याला जोडूनच कांदोळी. या दोहोंच्या समोर, पोहणाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात ते बूड टेकून बसलं होतं. 2000 ते 2012 या काळात तुमच्या घरचं कोणी गोव्याला गेलं असेल तर जुना अल्बम काढून बघा. पॅराशूटला लटकलेल्या मेहुण्याच्या मागे जो लांबलचक तांबडा-काळा पट्टा दिसतो, तेच ते जहाज.

ते तिथे आलं कसं?

6 जून 2000 रोजी खराब हवामानात वाहत आलं आणि वाळूत रुतलं. घटना म्हणावी तर एवढीच. तारीख मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोकणात या दिवसांना आगोटी म्हणतात. होड्या वर ओढून शाकारायच्या, सुकी मासळी भरून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याकडे पाठ फिरवायची, असे हे दिवस. म्हणजे जहाज रुतलं तेव्हा पुढचे तीन-साडेतीन महिने त्याच्याजवळ जाऊन धड काम करता येईल अशी शक्यताच नव्हती. हेच ऑक्टोबरात घडलं असतं तर कदाचित आज तुम्ही हे वाचत नसता.

खनिजाचं जहाज पर्यटनाच्या किनाऱ्यावर कशाला आलं होतं?

गोव्याचं खनिज डिचोली, सांगे या आतल्या भागातून बार्जमध्ये, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू होड्यांत, भरून मांडवी आणि जुवारी नद्यांतून खाली येत असे. मोठी जहाजं नदीत शिरू शकत नाहीत, म्हणून हा पुष्कळसा माल मुरगाव बंदरातून किंवा बाहेर खुल्या पाण्यात उभ्या जहाजांवर चढवून परदेशी जाई. मांडवीच्या मुखाशी आग्वादला वाळूचा दांडा आहे आणि पावसाळ्यात तिथून बार्ज बाहेर काढणं बंद असतं. कांदोळी या सगळ्यापासून फार लांब नाही. किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसलेल्या पाहुण्याला हे ठाऊक नसतं, पण त्याच्या समोरचा समुद्र हा खाणधंद्याचा वाहतुकीचा रस्ताही होता. 2012 मध्ये जहाज हटलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गोवा सरकारनं खाणकामही थांबवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण त्या वर्षी तो समुद्र दोनदा रिकामा झाला.

एवढी मोठी जहाजं नांगर टाकूनही वाहून कशी जातात?

पुष्कळांची समजूत असते की नांगर तळाला रुतून बसतो आणि जहाज त्याला खुंट्यासारखं बांधलेलं राहतं. खरं काम साखळी करते. पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट साखळी सोडतात. तिचा बराच भाग तळावर आडवा पडून राहतो, त्यामुळे नांगरावर ओढ आडवी येते आणि तो मातीत अधिक घुसतो. वारा वाढला की जहाज मागे रेटलं जातं, पडलेली साखळी कडी-कडीनं उचलली जाते आणि मग ओढ वरच्या दिशेनं येते. तशी ती आली की नांगर निघतो आणि तळावरून घसटत जातो. जहाज रिकामं असेल तर दुप्पट वाईट. रिकामं जहाज पाण्यावर उंच तरंगतं, वाऱ्याला भिंतीएवढी बाजू मिळते आणि मागचा पंखा अर्धा हवेत फिरतो.

मग लगेच ओढून का नाही काढलं?

इथे जरा थांबतो, कारण सगळी गोम इथेच आहे.

रुतलेलं जहाज ओढणं म्हणजे बंद पडलेली गाडी ढकलणं नव्हे. तळ टेकला की जहाजाच्या वजनाचा काही भाग पाण्याऐवजी वाळू पेलायला लागते. उदाहरणापुरतं धरा, पाच हजार टन भार वाळूवर आला. वाळूवरचं घर्षण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं धरलं तरी जहाज नुसतं हलवायला दीड हजार टनांची ओढ लागेल. बंदरातला चांगला टग पन्नास-साठ टन ओढतो. असे पंचवीस टग आणायचे कुठून, आणि आणले तरी ते पावसाळी लाटांत उभे कसे राहणार?

म्हणून जाणती माणसं ओढण्याआधी तीन गोष्टी करतात. जहाज हलकं करायचं, म्हणजे माल, इंधन, टाक्यांतलं पाणी काढायचं. बुडाखालची वाळू उपसायची. आणि उधाणाची वाट बघायची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत वर चढतं तेव्हा वाळूवरचा भार आपोआप कमी होतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे भरती सर्वांत कमी चढते, तेव्हा कितीही ओढा, काही उपयोग नाही. आता पंचांग बघा. 2000 साली जूनची अमावास्या 2 तारखेला होऊन गेली होती. जहाज 6 तारखेला रुतलं, तेव्हा उधाण उतरणीला लागलं होतं.

दरम्यान जहाज गप्प बसून राहत नाही. प्रत्येक लाट ते किंचित उचलते आणि आपटते. इंजिन आणि जनरेटर थंड ठेवायला जहाज समुद्राचं पाणी आत ओढून घेत असतं. उथळात त्या पाण्याबरोबर वाळू येते, गाळण्या तुंबतात, जनरेटर बंद पडतो, मग दिवे जातात आणि शेवटी पंपही जातात. त्यानंतर ते स्वतःला मदत करू शकत नाही. पत्र्याला कुठे चीर गेली की वाळूमिश्रित पाणी आत शिरतं. पाणी उपसता येतं, पण वाळू बसते. ओल्या वाळूचं वजन घनमीटरला साधारण दोन टन. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि दहा मीटर खोल अशा एकाच कप्प्यात आठ हजार टन वाळू मावते.

माझं म्हणणं सरळ आहे. वादळानं ते जहाज फक्त किनाऱ्याला लावलं. त्याचा सांगाडा केला तो नंतरच्या दिरंगाईनं. पहिल्या काही उधाणांत ते जहाज होतं. दोन पावसाळ्यांनंतर ते वाळूनं भरलेलं लोखंडी धरण झालं होतं, आणि तरी पुढची कित्येक वर्षं चर्चा 'ते ओढून नेण्याची'च चालू राहिली.

पण जुहूचं जहाज तर महिन्याच्या आत काढलं होतं. मग गोव्यातच काय अडलं?

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा मुंबईहून पुण्यात आलेला असतो. प्रश्न चांगला आहे.

2011 च्या पावसाळ्यात जुहूला लागोपाठ दोन जहाजं आली. पहिलं 'विस्डम', जून महिन्यात. ते कोलंबोहून गुजरातमधल्या अलंगला भंगारात जायला ओढून नेलं जात होतं. वाटेत ओढणारा दोर तुटला, ते वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या बाजूला भरकटलं आणि शेवटी जुहूला लागलं. दुसरं 'पवित', 31 जुलैला. त्याची कथा जास्त गमतीची, की भीतीची म्हणू? जूनच्या अखेरीस ओमानजवळ ते बुडणार असं समजून खलाशांनी सोडून दिलं आणि ब्रिटिश नौदलाच्या जहाजानं त्यांना वाचवलं. जहाज मात्र बुडलं नाही. महिनाभर एकटंच अरबी समुद्र ओलांडत आलं आणि मुंबईच्या दारात येईपर्यंत कोणालाही दिसलं नाही. 26/11 ला तीन वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे किनारा सुरक्षेची व्हायची ती शोभा झालीच.

'विस्डम' जुलैच्या सुरुवातीला निघालं, 'पवित' ऑगस्टच्या मध्याला. पुन्हा पंचांग काढा. 1 जुलैला अमावास्या होती आणि 13 ऑगस्टला पौर्णिमा. दोन्ही वेळा उधाण गाठलं होतं. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढउतार करतं. गोव्यात हाच फरक दोन मीटरच्या आसपास असतो. जुहूला समुद्र स्वतः जहाज उचलायला खांदा देतो, तसा कांदोळीला देत नाही. खंबातच्या आखातात अलंगजवळ तर हा फरक दहा मीटरच्या घरात जातो. म्हणूनच 1983 पासून जहाजं तोडायचा धंदा तिथे उभा राहिला. भरतीला जहाज सरळ किनाऱ्यावर चढवायचं आणि ओहोटीला कोरड्यात उभं राहून कापायचं.

'पवित' लहान होतं, हेही खरं. पण दोन्ही वेळा काम पहिल्या काही उधाणांतच उरकलं, वाळू आत बसायच्या आधी. आकारापेक्षा मला हे कारण मोठं वाटतं.

मालक नव्हता का? त्यानं उचलायला नको?

मालक होता, आणि तोही परदेशातला बेपत्ता नव्हे. गोव्यातलीच खाणकंपनी होती. कायदाही होता. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्यात भग्न जहाजांचं वेगळं प्रकरण होतं. तरीही प्रकरण नोटिसा, सुनावण्या आणि निविदा यांच्या फेऱ्यात गेलं. 2001 मध्ये गोव्यानं पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला आणि पुढे जहाज सरकारच्या ताब्यात आलं. ताबा आला त्याबरोबर डोकेदुखीही आली. एका कंत्राटदाराला जमलं नाही, वाद कोर्टात गेला, नवी निविदा निघाली. प्रत्येक फेरीत एक-दोन पावसाळे जात आणि जहाज आणखी खाली बसे.

मधल्या काळात जगात या विषयावर एक नियम झाला. 2007 चा नैरोबी करार. तीनशे ग्रॉस टन आणि त्यावरच्या जहाजानं सांगाडा हटवण्याच्या खर्चाचा विमा आधीच काढलेला असावा, आणि वसुली थेट विमा कंपनीकडून करता यावी, असं त्याचं सार. भारत 2011 मध्ये त्यात सामील झाला, करार 2015 पासून लागू झाला. 2025 मध्ये संसदेनं 1958 च्या जागी नवा मर्चंट शिपिंग कायदाही केला. पण करार लागू होईपर्यंत 'रिव्हर प्रिन्सेस' गेलेलं होतं.

त्या जहाजामुळे किनारा खरंच खचला, की ही नुसती ओरड?

भौतिकशास्त्र ओरड करणाऱ्यांच्या बाजूचं आहे.

किनाऱ्याच्या समोर पाण्यात अडीचशे मीटरची भिंत उभी केली तर तिच्यामागे लाटा मंदावतात आणि वाळू तिथे जमा होते. ही वाळू आकाशातून पडत नाही, ती शेजारच्या पट्ट्यातून येते. म्हणजे जहाजाच्या आडोशाला किनारा पोट काढतो आणि दोन्ही अंगांना आत जातो. शिकेरीच्या बाजूची वाळू गेली, तिथल्या लोकांनी टाहो फोडला, तो याचसाठी.

दुसरी गोष्ट जहाजाच्या टोकांशी घडते. किनाऱ्यावर पाण्यात उभं राहिलं की परतणारी लाट आपल्या टाचेखालची वाळू खणून नेते आणि आपण हळूहळू आत जातो, तसंच. प्रवाह जहाजाच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि मागच्या टोकाला वळसा घालतो, तिथे वेग वाढतो, खड्डा पडतो आणि जहाज त्या खड्ड्यात उतरतं. पोहणाऱ्यासाठी हीच जागा घातक. वरून पाणी कमरेइतकं वाटतं, दोन पावलांवर तळ नसतो.

जहाज काढलं म्हणजे दुसऱ्या दिवशी किनारा पूर्ववत झाला, असंही नसतं. वाळूला परत यायला कित्येक ऋतू लागतात, आणि तोवर किनाऱ्यालगत बांधकामं झालेली असली तर तिला यायला जागाच उरलेली नसते.

तिथेच हॉटेल किंवा संग्रहालय का नाही केलं? परदेशात करतात की.

परदेशात जे दिसतं ते बहुतेक करून केलेलं नसतं, तसंच राहिलेलं असतं. ग्रीसमधल्या झाकिंथोस बेटावर 'पानायोटिस' नावाचं लहान मालवाहू जहाज 1980 मध्ये लागलं. उंच कड्यांमधल्या एका खाचेत, कोरड्या पांढऱ्या वाळूवर. फोटो इतके देखणे आले की ते बेटाची ओळख बनलं. नामिबियात 'एडुआर्ड बोहलेन' 1909 मध्ये धुक्यात रुतलं. तिथे किनाराच पुढे सरकला आणि जहाज आता समुद्रापासून काहीशे मीटर आत वाळवंटात उभं आहे. एकीकडे कोरडी खाच, दुसरीकडे निर्मनुष्य वाळवंट. कांदोळीला दर पावसाळ्यात चार महिने लाटा आपटणार, पत्रा गंजून धारदार होणार आणि समोर लेकरंबाळं डुंबणार. तिथे रोज चहा-भजी खायला जायची कल्पना फ्लेक्सवर छान दिसली असती, एवढंच.

शेवटी काढलं कसं?

कापून. तरंगवायचा नाद सोडला तेव्हा काम पुढे सरकलं. गॅस कटरनं वरचा भाग तुकड्यांनी उतरवायचा, बार्जवर किंवा किनाऱ्यावर आणायचा, भंगारात द्यायचा. ऐकायला सोपं, पण पाण्याच्या रेषेखाली गॅस कटरची ज्योत कामाची नाही. तिथे पाणबुडे लागतात. ढवळलेल्या पाण्यात त्यांना स्वतःचा पंजा दिसत नाही, बोटांनी चाचपून पत्र्याची कड शोधायची, आणि आतल्या वाळूनं भरलेला तुकडा क्रेनला अंदाजाच्या दुप्पट जड लागतो. ऑक्टोबर ते मे एवढाच काळ हाताशी. अलंगला हेच जहाज काही महिन्यांत संपलं असतं. इथे ते 2012 मध्ये नजरेआड झालं.

मिऱ्याचं जहाज हेच का?

नाही. ते 'बसरा स्टार', इंधनवाहू. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्याला लागलं. तारीख तुम्हालाही आठवत असेल. त्याच दिवशी पुण्यात झाडं पडली होती आणि मावळ-जुन्नरमध्ये शेडनेट आणि पॉलिहाऊस उडाली होती. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं आत घुसलं, पण रत्नागिरीतही समुद्र खवळलेला होता. तेरा खलाशी सुखरूप उतरवले. जहाज मात्र कित्येक पावसाळे बंधाऱ्याशेजारी पडून राहिलं. पुन्हा आगोटी, पुन्हा वाळू, पुन्हा कागद.

मुलगा तळेगावला शिकून मर्चंट नेव्हीत जातोय. जहाज असं अडकलं तर खलाशांचं काय?

इंदुरी आणि लोणी काळभोरला सागरी शिक्षणाच्या संस्था असल्यामुळे हा प्रश्न पुण्यात हमखास येतो, आणि बहुतेक वेळा आईच विचारते.

जीव वाचवण्याची व्यवस्था चांगली आहे. तटरक्षक दल आणि नौदल हेलिकॉप्टरनं भर वादळात माणसं उचलतात. खरा त्रास होतो तो मालकानं जहाज वाऱ्यावर सोडलं तर. पगार थांबतो, डिझेल संपतं, पण जहाज सोडून जायचीही परवानगी मिळत नाही. 2006 च्या सागरी कामगार कराराला भारतानं 2015 मध्ये मान्यता दिली. 2017 पासून त्यात अशा सोडून दिलेल्या खलाशांसाठी हमीची तरतूद आहे. घरी परतण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार. या हमीचं प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असं लावलेलं असायला हवं. मुलाला सांगा, चढल्या चढल्या ते वाचायचं. आणि नोकरी लावून देणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, हे पैसे देण्याआधी बघायचं.

पुण्यात बसून समुद्राचं काय कळणार?

हा प्रश्न फक्त पुण्यातच विचारला जातो. खडकवासल्याला 1916 पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. देशातल्या बंदरांच्या छोट्या प्रतिकृती तिथे मोठ्या हौदांत बांधतात, यंत्रानं लाटा सोडतात आणि बंधारा कुठे घातला तर गाळ कुठे बसेल ते बघतात. समुद्रात टाकलेल्या वस्तूमागे वाळू कशी जमते, हे समुद्रापासून इतक्या लांब गुडघाभर पाण्यात बघता येतं.

आता गेलो तर काय दिसेल?

जहाज म्हणून काही नाही. बेळगावहून चोर्ला घाट किंवा आंबोलीहून सावंतवाडी, कसेही गेलात तरी आधी शिकेरीला जा. आग्वादच्या किल्ल्याचा खालचा बुरूज सरळ समुद्रात उतरला आहे. पोर्तुगीजांनी 1612 मध्ये बांधून पूर्ण केलेला. त्यावर उभं राहून उत्तरेकडे तोंड केलं की कांदोळीची पूर्ण वळणदार रेघ दिसते. ओहोटीला जा आणि वाळूची रुंदी कुठे जास्त, कुठे कमी ते बघत चाला. जूनमध्ये मात्र त्या बुरुजाच्या टोकावर फोटोसाठी जाऊ नका, दगड शेवाळलेले असतात.